वळवाचे ढग : खालून आणि वरून

चैत्र सरत आला की कोल्हापूर जिल्ह्यात माणसांची नजर आकाशाकडे वळू लागते. आजरा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांत भाताच्या धूळवाफ पेरणीची तयारी करावयाची असते. त्यासाठी रान भिजवणारी वळवाची एखाददुसरी सर हवी असते. नदीकाठच्या वीटभट्टीवाल्याला तीच सर नको असते, कारण रचून ठेवलेल्या कच्च्या विटांचा तासाभरात चिखल होतो. आंबेवाला वाऱ्याला भितो, द्राक्षे आणि भाजीपाला पिकविणारा गारांना भितो. या सर्वांवर कडी म्हणजे वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली देशभरात वीज पडून २,८८० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. असे मृत्यू बहुधा उघड्या रानात, झाडाच्या आडोशाला किंवा घराकडे परतण्याच्या वाटेवर होतात. थोडक्यात, अर्धा तास आधी कळले असते तर पुष्कळ माणसे छपराखाली असती.

हा अर्धा तास मिळविण्याचे एक साधन आता सामान्य माणसाच्या हाती आले आहे. भारतीय उपग्रहांनी टिपलेली ढगांची चित्रे भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. इस्रोच्या अहमदाबाद येथील उपयोजन केंद्राच्या 'मॉसडॅक' या संकेतस्थळावरही ती मिळतात. हवामानाचा छंद जोपासणारे शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकरी ही चित्रे आवडीने पाहतात व एकमेकांना पाठवितात. छंद चांगलाच आहे. परंतु चित्र पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे. लाल-जांभळा ठिपका आपल्या तालुक्यावर दिसताच 'आता ढगफुटी' अशी आवई उठते आणि प्रत्यक्षात चार थेंबही पडत नाहीत, असे वरचेवर घडते. दोन-तीनदा असे झाले की लोक खऱ्या इशाऱ्याकडेही पाठ फिरवितात. म्हणून हे चित्र नेमके काय दाखविते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय दाखवीत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ढगाची घडण

मोसमी पाऊस मावळतीकडून, समुद्रावरून येतो. वळवाचे तसे नाही. तो कोठूनही येतो. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात दुपारी उगवतीच्या बाजूसही ढगांची चळत दिसू लागते. यामागचे कारण असे की वळीव बाहेरून चालत येण्यापेक्षा बहुधा येथल्या येथेच तयार होतो. मार्च ते मे या महिन्यांत पठाराची जमीन तापते आणि तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते. अरबी समुद्रावरून सह्याद्रीच्या खिंडींतून आलेली दमट हवा व पठारावरील कोरडी हवा यांची जेथे गाठ पडते, तेथे या चढणीला जोर मिळतो. वर जाताना हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि कापसाच्या ढिगासारखा राशिमेघ दिसू लागतो. थेंब बनताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे हवा आणखी वर रेटली जाते.

सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाखाली जाते. तेथून वर ढगात हिमकण, अतिशीत जलबिंदू आणि मऊ गारा यांची गर्दी होते. वर उसळणारे हलके हिमकण व खाली येणाऱ्या जड गारा एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्यावरील विद्युत्भार वेगळे होतात. राशिमेघाचा गर्जन्मेघ होतो तो या टप्प्यावर. त्याचे शिखर बारा, चौदा, कधी सोळा किलोमीटरांपर्यंत पोहोचते. यापलीकडे तपस्तब्धी, म्हणजे ज्या पातळीवर हवेचे थंड होत जाणे थांबते ती सीमा, एखाद्या झाकणासारखी आड येते. मग ढग आडवा पसरतो आणि त्याला लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो. खाली मात्र पावसाबरोबर थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे धावते. वळवाच्या सरीपूर्वी धूळ उडविणारा आणि पत्रे उचकटणारा जो वारा सुटतो, तो हाच.

एका गर्जन्मेघाचे आयुष्य बहुधा अर्ध्या तासाचे ते तासाभराचे असते. तथापि एकाच्या गार वाऱ्याने शेजारची उष्ण हवा उचलली जाते आणि दुसरा उभा राहतो. अशा मालिकेने सायंकाळपर्यंत दोन-तीन तालुके ओलांडले जातात. मधली काही गावे कोरडीच राहतात, हेही नित्याचे आहे.

आकाशातील डोळा

ढगांचे चित्र घेणारा पहिला हवामान उपग्रह 'टायरॉस-१' हा १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडला. भारताचा 'इन्सॅट-१ए' एप्रिल १९८२ मध्ये अवकाशात गेला, परंतु तो काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी 'इन्सॅट-१बी' यशस्वीपणे सोडण्यात आला आणि त्यानंतर दूरदर्शनच्या बातम्यांतून देशाच्या नकाशावरील पांढरे ढग घरोघर दिसू लागले. आज या कामी असलेल्या मालिकेतील 'इन्सॅट-३डी' २०१३ साली, 'इन्सॅट-३डीआर' २०१६ साली आणि 'इन्सॅट-३डीएस' १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडण्यात आले.

हौशी अभ्यासकांचा आणखी एक पंथ होता, त्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरणारे अमेरिकेचे 'नोआ' उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या रेडिओ लहरींवर चित्रे पाठवीत. घरी वाकविलेल्या तारेचा ॲन्टेना, एक छोटा ग्राहक आणि संगणक एवढ्या साहित्यावर जगभरचे विद्यार्थी ती उतरवून घेत. उपग्रह डोक्यावरून जात असताना चित्र ओळीओळीने पडद्यावर उमटत असे. त्यांतील शेवटचे तीन उपग्रह २०२५ साली निवृत्त झाले. ती चित्रे दिवसातून मोजक्या वेळीच मिळत, त्यामुळे वादळाच्या पाठलागाला त्यांचा उपयोग बेताचाच होता. परंतु शाळेच्या गच्चीवर विज्ञान शिकविण्याचे ते नामी साधन होते, यात शंका नाही.

इन्सॅटचे तसे नाही. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतात, म्हणून ते एकाच जागी खिळल्यासारखे भासतात. 'इन्सॅट-३डीआर'ची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापूरचा रेखांशही ७४ अंशांहून किंचित अधिक, म्हणजे हा उपग्रह कोल्हापूरच्या जवळजवळ नेमक्या दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंचीवर आहे. या योगायोगाचा एक परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

चित्र वाचताना

प्रथम वेळ. चित्रावर छापलेली वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. चित्रावर ०९:३० असेल तर ते दुपारी तीनचे असते. ही चूक अत्यंत प्राथमिक आहे आणि अत्यंत सार्वत्रिकही. शिवाय एका उपग्रहाला पृथ्वीची संपूर्ण दिसणारी बाजू टिपण्यास सुमारे २६ मिनिटे लागतात, त्यानंतर चित्र तयार होऊन लोकांपुढे येण्यास आणखी काही वेळ जातो. अर्ध्या तासात वाढणारा ढग आणि अर्ध्या तासाने येणारे चित्र अशी ही शर्यत आहे. दोन उपग्रहांच्या वेळा आलटून-पालटून ठेवल्या की पाऊण चित्र शिळे होण्याआधी दुसरे हाती येते, एवढाच दिलासा.

दृश्य प्रकाशातील चित्र म्हणजे साधे छायाचित्र होय. त्यातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे एक किलोमीटरचा असतो. दुपारी एकच्या सुमारास सह्याद्रीच्या कडेने आणि पठारावर बारीक लाह्यांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात; ते राशिमेघ. त्यांतील बहुतेक विरून जातात. एखाद्याची कड मात्र फुलकोबीसारखी ठसठशीत होत जाते, आणि लक्ष ठेवावयाचे ते त्याच्यावर. सायंकाळच्या चित्रात सावली फार उपयोगी पडते. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर असतो. त्या वेळी बारा किलोमीटर उंच ढगाची सावली पूर्वेकडे तीस किलोमीटरांहून लांब पडते. सावलीवरून उंची काढणे हे आठवी-नववीच्या वर्गाला जमण्याजोगे गणित आहे. सूर्यास्तानंतर मात्र हे चित्र निरुपयोगी होते.

रात्री व दिवसा दोन्ही वेळी चालते ते अवरक्त चित्र. ते प्रकाश नव्हे तर उष्णता मोजते. ढगाचे शिखर जितके उंच तितके ते थंड. उणे साठ अंश तापमानाचे शिखर येथे उन्हाळ्यात तेरा किलोमीटरांच्या आसपास असते. चित्रातील लाल, जांभळे, काळे रंग हे संगणकाने तापमानाला दिलेले रंग आहेत. ते पावसाचे रंग नव्हेत, ही गोष्ट प्रत्येक शाळेत फळ्यावर लिहून ठेवण्याच्या योग्यतेची आहे. अवरक्त चित्राचा एक ठिपका सुमारे चार किलोमीटरांचा, म्हणजे सोळा चौरस किलोमीटर क्षेत्राचा असतो. त्यात दोन-तीन गावे सहज मावतात. 'आमच्या गावावर लाल दिसते' या विधानाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

एकट्या चित्रापेक्षा लागोपाठची दोन-तीन चित्रे अधिक बोलतात. शिखराचे तापमान अर्ध्या तासात झपाट्याने उतरले तर ढग जोमाने वाढतो आहे. मोठा थंड पट्टा नुसता पसरत चालला, त्याच्या कडा विरळ झाल्या आणि मधले तापमान चढू लागले, तर वादळ ओसरते आहे. येथेच नवशिक्या फसतो. ऐरणीचा पसारा सर्वांत मोठा आणि भडक दिसतो तो पुष्कळदा खालचा ढग मरू लागल्यावर. वरच्या वाऱ्याबरोबर तंतुमेघांचे ते छत पन्नास-साठ किलोमीटर वाहत जाते आणि त्याच्या खाली निव्वळ मळभ असते. उलट, धोक्याचा कोवळा ढग चित्रात एवढासा ठिपका असतो आणि कधी त्याच छताखाली झाकलेलाही असतो.

आता त्या योगायोगाविषयी. उपग्रह दक्षिणेकडून तिरपा पाहत असल्यामुळे उंच ढगाचे शिखर त्याला प्रत्यक्ष जागेच्या उत्तरेस सरकलेले दिसते. ढग पंधरा किलोमीटर उंच असेल तर कोल्हापूरच्या अक्षांशावर हा फरक सुमारे पाच किलोमीटरांचा होतो. शिखर पंचगंगेच्या उत्तर काठावरील एखाद्या गावावर दिसले तर ढग प्रत्यक्षात नदीच्या दक्षिणेस, ऐन शहरावर असू शकतो. पूर्वेकडे असलेल्या दुसऱ्या उपग्रहाच्या चित्रात तोच ढग थोडा पश्चिमेकडेही ढळलेला दिसतो. दोन चित्रांत एकच वादळ दोन जागी का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, त्याचे उत्तर हे आहे. डोळ्यांपुढे बोट धरून एकदा उजवा व एकदा डावा डोळा मिटल्यास हे सर्वांना पटते.

दोन पाऊस, दोन चित्रे

कोल्हापूर जिल्हा या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे, कारण येथे दोन अगदी भिन्न प्रकारचे पाऊस पडतात. घाटमाथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. पूर्वेकडील शिरोळ भागात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. गगनबावड्याचा हा पाऊस मुख्यतः जुलै-ऑगस्टचा. समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीवर चढताना जे ढग बनतात ते पुष्कळदा फार उंच नसतात. अवरक्त चित्रात त्यांचा रंग सौम्य, कधी नुसता करडा असतो. त्यांच्यात वीजही फारशी चमकत नाही. तरी ते दिवसच्या दिवस थांबत नाहीत आणि राधानगरीसारखी धरणे भरतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला आलेले महापूर मोसमी पावसाचे होते, वळवाचे नव्हेत. भडक रंगाच्या शोधात असणारा निरीक्षक पुराच्या पावसाचे चित्र पाहून निश्चिंत होईल आणि वळवाच्या चित्राने घाबरून जाईल. पुराच्या अंदाजाला पर्जन्यमापकाची नोंद, धरणाचा विसर्ग आणि नदीची पातळी हीच खरी साधने होत. उपग्रहाच्या हौशी निरीक्षकाने तेथे हात घालू नये, हे बरे.

चित्राला जोड

उपग्रहाचे चित्र एकटे पुरेसे नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. ढगाच्या पोटातील पाऊस पाहण्यासाठी डॉप्लर रडार लागते. गोव्याचे रडार कोल्हापूरपासून सुमारे १४० किलोमीटरांवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याची सर्वांत खालची लहरदेखील येथे पोहोचेपर्यंत दोन किलोमीटरांहून वर गेलेली असते, आणि वाटेत सह्याद्री आहे. त्यामुळे उंच गर्जन्मेघ त्यास दिसतात, घाटातला बुटका पाऊस निसटतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रडारविषयीही एक गैरसमज आढळतो. ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेने वातावरणाच्या फार वरच्या, सुमारे ८० किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवरील वाऱ्यांच्या अभ्यासासाठी बसविलेले. ढगांशी त्याचा संबंध नाही.

विजेच्या बाबतीत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने देशभर संवेदक बसवून उभारलेले जाळे अधिक उपयोगाचे आहे. त्यावर आधारलेले 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन आपल्याभोवतीच्या २० व ४० किलोमीटरांच्या वर्तुळात वीज चमकल्यास इशारा देते. हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा जिल्हावार अंदाजही दिवसभर अद्ययावत होत असतो. इशारा देण्याचे काम या यंत्रणांचे आहे. गावातील निरीक्षकाचे काम तो इशारा वेळेत ओळखून योग्य माणसापर्यंत पोहोचविणे आणि चित्रावरून त्यास थोडे आधीच सावध होणे, एवढे मर्यादित ठेवल्यास त्याची विश्वासार्हता टिकते.

हे काम कोठे मोलाचे ठरेल याचे एक उदाहरण जिल्ह्यातच आहे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. ऐन वळवाच्या हंगामात लाखो भाविक उघड्या डोंगरमाथ्यावर असतात, आणि गर्दीतून उंचच उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात. वीज उंच वस्तू शोधते, हे सांगावयास नकोच. ताशी ३० किलोमीटर वेगाने सरकणारा ढग २० किलोमीटरांचे अंतर ४० मिनिटांत तोडतो; दुपारपासून चित्रांवर नजर ठेवणाऱ्यास एवढा अवधी मिळू शकतो. मात्र ढग डोंगरावरच उभा राहिला तर तोही मिळत नाही. म्हणून काठ्या केव्हा थांबवावयाच्या आणि माणसे कोठे न्यावयाची हे देवस्थान, पोलीस व महसूल यंत्रणा यांनी यात्रेपूर्वीच ठरविलेले असणे श्रेयस्कर. गावच्या आठवडी बाजाराला, रोजगार हमीच्या कामाला आणि शाळेच्या मैदानावरील स्पर्धांनाही हाच नियम लागू पडतो.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा फोनपेक्षा कान महत्त्वाचे. चमक आणि गडगडाट यांमधील सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरांत मिळते. परंतु अंतर मोजत उभे राहण्यात शहाणपण नाही. गडगडाट ऐकू येतो याचाच अर्थ आपण विजेच्या पल्ल्यात आहोत. पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, झाडाखाली थांबू नये, पाण्यातून व तारेच्या कुंपणापासून दूर व्हावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पावसाची सर थांबली म्हणजे वीज थांबली असे नव्हे.

निरीक्षणाची वही

ज्या शाळेला हा अभ्यास हाती घ्यावयाचा आहे तिला खर्च जवळजवळ नाही. एक वही पुरते. मार्चपासून दररोज दुपारी एक, तीन, पाच आणि सात या वेळांची चित्रे पाहून जिल्ह्यावर कोठे, किती तापमानाचे शिखर दिसले ते डाव्या पानावर लिहावे. उजव्या पानावर शाळेच्या अंगणातून काय दिसले ते लिहावे : ढग कोणत्या दिशेस, पहिला गडगडाट किती वाजता, वारा कोठून सुटला, पाऊस किती मिनिटे, गारा पडल्या काय. पर्जन्यमापक असल्यास आकडा, नसल्यास महसूल मंडळातील 'महावेध' स्वयंचलित केंद्राची नोंद घ्यावी. जुळले नाही तेही लिहावे. किंबहुना तेच आवर्जून लिहावे. चित्रात उणे साठ अंश आणि अंगणात कडक ऊन, अशा नोंदी दहा-बारा झाल्या की ऐरणीचे छत व ढगाचे खोड यांतील भेद मुलांना न शिकविता कळतो. शेजारच्या चार शाळांनी वह्या ताडून पाहिल्या तर एकच सर कोणत्या गावी किती वाजता पोहोचली याचा नकाशा काढता येतो. सोळा चौरस किलोमीटरांचा ठिपका टिपणाऱ्या उपग्रहाला तो काढता येत नाही.

मृग लागून मोसमी पाऊस स्थिरावला की उजव्या पानावरचा गडगडाटाचा रकाना रिकामा पडू लागतो आणि डाव्या पानावरचे आकडे सौम्य होतात. पाऊस मात्र वाढतो. ऑक्टोबरात वारे फिरले, दुपारी पुन्हा उगवतीकडे ढग चढू लागले की तो रकाना पुन्हा भरू लागतो.